मी, मिठाईच्या दुकानातली निळी ट्यूब

मित्रांनो, माझी गोष्ट जरूर ऐका, पण ऐकताना माझ्याकडे टक लावून बघू नका. डोळ्यांना त्रास होतो. हे मी रुसून सांगत नाही, माझा उजेडच तसा आहे. मी पेटले की माणसं पाठ फिरवून उभी राहतात. सगळा जन्म असा गेल्यामुळे मला माणसं चेहऱ्यावरून कमी आणि पाठीवरून जास्त ओळखू येतात.

मी एक जुनी ट्यूब आहे. लांबीला दोन फूट, दोन्ही टोकांना पितळी पिना, पोटात पाऱ्याचा एक थेंब आणि काचेला आतून लावलेली पांढरी भुकटी. तुमच्या घरातल्या ट्यूबची मी बहीणच, पण माझा उजेड निळसर दिसतो. तो निळा रंग म्हणजे नुसता वरवरचा देखावा. माझा खरा उजेड जांभळ्याच्याही पलीकडचा असतो. तुमच्या शाळेच्या पुस्तकात त्याला अतिनील किरण म्हणतात. तो माणसांना दिसत नाही. माशांना मात्र दिसतो आणि भारी आवडतो.

म्हणूनच मला माशा मारायच्या मशीनमध्ये बसवलं. बेंगळुरूत चामराजपेटेत गुंडूरावांचं मिठाईचं दुकान होतं. घराण्यानं मराठी, पण कैक पिढ्या इथेच मुरलेलं. गिऱ्हाइकांशी कन्नड, आत स्वयंपाकघरात मराठी आणि रागावले की दोन्ही. काउंटरच्या वर माझं मशीन टांगलेलं होतं. मी आणि माझी जोडीदारीण अशा आम्ही दोघी त्यात शेजारी शेजारी होतो. आमच्या पुढ्यात विजेची जाळी होती. माशी आमच्या उजेडाला भुलून यायची, जाळीवर चट्ट आवाज व्हायचा आणि संपलं. विचार करा मित्रांनो, जो जीव आपल्यावर लोभ करून जवळ येतो, तोच आपल्यासमोर मरून पडतो. मला ते कधीच सवयीचं झालं नाही.

दुकानात मला मान देणारं एकच माणूस होतं, गुंडूरावांच्या पत्नी सरस्वतीबाई. दिवेलागणीला त्या माझं बटण दाबायच्या आणि देव्हाऱ्यातल्या समईला जोडावेत तसे माझ्यासमोर हात जोडायच्या. माशा मारायच्या मशीनला नमस्कार! गुंडूराव हसून लोटपोट व्हायचे. "अगं, उद्या त्या मिक्सरची आरती कर," म्हणायचे. सरस्वतीबाई ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात जोडायच्या. हात जोडून झाले की पाठ फिरवून कढईपाशी जायच्या. डावा खांदा जरासा उतरलेला आणि मान किंचित मागे वळलेली, अशी ती पाठ. चुलीवर कायम काही ना काही असायचं ना, तिकडे लक्ष ठेवून ठेवून तशीच सवय झाली होती.

पुढे माझी जोडीदारीण गेली. एका संध्याकाळी ती फडफडली आणि काळी पडली. गुंडूरावांनी वर बघितलं. "एक चालू आहे ना? मग पुरे," म्हणाले. तेव्हापासून मी एकटी.

आमच्यासारख्या ट्यूबचं एक दुखणं आहे, ते तुम्हाला ठाऊक नसेल. आम्ही म्हाताऱ्या झालो तरी पेटतच राहतो. निळा रंग तसाच दिसतो, पण तो न दिसणारा उजेड, आमचा खरा जीव, हळूहळू आटत जातो. पाहणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही. माझंही तसंच झालं. माशा माझ्याकडे यायच्या बंद झाल्या. ताटलीत एकही मेलेली माशी दिसेना, तेव्हा गुंडूरावांना केवढा आनंद! गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमचं मशीन फार गुणाचं. दुकानात माशीच ठेवली नाही बघा." इकडे माशा खुशाल जिलबीवर बसलेल्या असायच्या आणि सरस्वतीबाई पंच्याने त्यांना हाकलत असायच्या. आयुष्यात माझं एवढं कौतुक त्याआधी झालं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. ते ऐकून मला रडू यायचं.

मग गुंडूराव वारले. दुकान अर्ध्या शटरवर आलं. आधी जिलबी बंद झाली, मग मैसूरपाक, शेवटी ओळखीच्या घरांपुरती चकली आणि चिरोटी उरली. जाळीतली वीज केव्हाच मेली होती. मुलगा संतोषकुमार मारतहळ्ळीला उंच इमारतीत राहायचा. शहर एकच, पण मधली वाहतूक अशी की माणूस परगावी गेल्यासारखंच. तो रोज न चुकता फोन करायचा.

"बरी आहेस ना अम्मा?"

"बरी आहे रे."

फोन बंद व्हायचा. त्या तिथेच उभ्या राहायच्या, काळोख व्हायला लागला की माझं बटण दाबायच्या, हात जोडायच्या. रिकाम्या दुकानात आम्ही दोघीच पेटलेल्या असायचो. त्यांच्या त्या 'बरी आहे'चा अर्थ मला पुरता कळायचा, कारण मीही तशीच बरी होते.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत कस्तुरी भाड्याने राहायला आली, ती गच्चीसाठी. मुलगी पुण्याची, कंपनी मारतहळ्ळीकडची, पण काम बहुतेक दिवस घरूनच. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बोलायची आणि बोलणं संपलं की खोलीत चिडीचूप. तिला एक नाद होता. लोखंडाचे दोन क्षार पाण्यात कालवून ते ती कागदावर ब्रशने फासायची. पिवळट कागद व्हायचा. त्यावर फोटोची निगेटिव ठेवायची, वर काच, आणि मग ऊन. जिथे ऊन लागेल तिथे कागद पाण्यात धुतल्यावर निळा होतो आणि जिथे लागणार नाही तिथला पिवळेपणा धुऊन जाऊन पांढरा राहतो. असा निळा-पांढरा फोटो तयार होतो. त्याला सायनोटाइप म्हणतात. त्याला हवा असतो तो उन्हातला जांभळ्याच्या पलीकडचा उजेडच.

सरस्वतीबाईंनी एकदा तिला एक फोटो दाखवला. दुकान उघडलं त्या दिवशीचा. दुकानासमोर अख्खं घर उभं होतं. फोटो तळहाताएवढा, माणसं तुरीच्या डाळीएवढी.

"या कडेची मी," त्या म्हणाल्या. "नवी सून. तेवढाच एक फोटो माझा त्या वेळचा. पण इतकी लहान दिसते मी, की नातवंडांना दाखवलं तरी पटत नाही."

कस्तुरी म्हणाली, "आजी, मी तुम्हाला मोठा करून देते. अगदी भिंतीएवढा."

आणि तेवढ्यात ठरलं की दुकान द्यायचं दुसऱ्याला. येत्या रविवारी संतोषकुमार गाडी घेऊन येणार आणि आईला कायमचं मारतहळ्ळीला नेणार. सरस्वतीबाईंनी कस्तुरीला विचारलं, "फोटो होईल का गं तोवर? तिथल्या भिंतीवर लावीन म्हणते. मी पण कधी कोणी होते, एवढं तरी दिसेल त्यांना."

कस्तुरीने त्या फोटोची मोठ्या कागदाएवढी निगेटिव छापून आणली. आता मित्रांनो, छोटा फोटो उन्हात करणं सोपं असतं. मोठ्याचं मात्र दुखणं वेगळं. शेजारी नवी इमारत उठली होती, तिची सावली गच्चीवर सरकत यायची. शिवाय बेंगळुरूचे ढग, त्यांचा काय भरवसा? अर्धा कागद उन्हात, अर्धा सावलीत. एक बाजू गर्द निळी झाली, दुसरी फिकट. मग कस्तुरीने मोठा पांढरा दिवा आणला, दुकानांच्या पाट्यांवर लावतात तसला. डोळे दिपले, पण कागद ढिम्म. त्या उजेडात जांभळ्याच्या पलीकडचं काहीच नव्हतं. मग एक जांभळा दिवा आणला. त्याच्या बरोबर खालची माणसं छान उठली आणि कडेची सगळी धुऊन गेली. एका दिव्याचा उजेड मधे पडतो, कडेपर्यंत पोचता पोचता थकतो.

मग एका दुकानदाराने तिला जंतू मारायची ट्यूब दिली, कोरोनाच्या काळात उरलेली. "मॅडम, सब यूवी ही है, ले जाओ," म्हणाला. यूवी म्हणजे अतिनील, पण सगळं एकच कसं असेल? तिचा उजेड काचेतून पलीकडे जातच नाही, कागद काचेखाली कोरा राहिला. उलट कस्तुरीचे डोळे लाल होऊन दिवसभर पाणी गळत होतं. डॉक्टरांनी चांगलंच झापलं. मुलांनो, तसल्या ट्यूबच्या वाटेला तुम्ही कधीही जाऊ नका.

त्या संध्याकाळी डोळे पुसत ती खाली दही मागायला आली. सरस्वतीबाईंनी माझं बटण दाबून हात जोडले.

"आजी, माशा मारायच्या लाइटला नमस्कार?"

"दिवा तो दिवा. लावला की हात जोडायचे. तो काय मारतो ते त्याचं तो बघेल."

कस्तुरी हसली आणि हसता हसता थांबली. तिची पांढरी ओढणी माझ्या उजेडात चमकत होती, आणि पांढरं कापड असं चमकतं ते जांभळ्याच्या पलीकडच्या उजेडातच. ती धावत वर गेली आणि कागदाची एक पिवळी पट्टी घेऊन आली. स्टुलावर चढून ती पट्टी तिने माझ्यासमोर धरली.

"अय्यो, जाळीला हात लावू नको, शॉक देती ती!" सरस्वतीबाई ओरडल्या. जाळी मेल्याला वर्षं झाली, तरी धाक कायम होता.

पट्टीचा रंग अगदी सावकाश बदलला. पिवळ्याचा करडा निळसर झाला.

"आजी, हीच! हीच लाइट पाहिजे होती मला. आणि ती तुमच्या दुकानातच होती!"

"असू दे की. एवढं काय त्यात?" सरस्वतीबाई म्हणाल्या, पण खूश झाल्या होत्या. मी तर किती खूश झाले ते सांगता येणार नाही. कुणीतरी माझ्यासमोर आलं होतं आणि मेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कस्तुरीने माझ्याच जातीच्या नव्या ट्यूबा आणल्या. प्लायवूडची उथळ पेटी करून घेतली. तिच्या झाकणात ट्यूबा आडव्या, एकीला लागून एक बसवायच्या, म्हणजे सगळीकडे सारखा उजेड पडेल. पण एक ट्यूब कमी पडली. दुकानदार म्हणाला, पुढच्या आठवड्यात येईल. रविवार तर तोंडावर आला होता.

"आमची घे की," सरस्वतीबाई म्हणाल्या. "दुकान बंद झालं. तिला आता काय काम?"

कस्तुरीने मला खाली काढलं. ओल्या फडक्याने पुसलं. इतक्या वर्षांत माझ्या अंगावरून कुणाचा हात फिरला नव्हता. "तुम्ही म्हाताऱ्या, तुम्ही कडेला बसा," असं म्हणत तिने मला पेटीच्या अगदी टोकाला लावलं. नव्या ट्यूबा माझ्या शेजारी रांगेत होत्या. मला जोडीदारीण गेल्यापासून शेजार नव्हता. मला तेवढंही पुष्कळ झालं.

झाकण बंद झालं, आम्ही सगळ्या पेटलो. माझ्या खाली काच, काचेखाली निगेटिव. निगेटिवमध्ये सगळं उलटं असतं, चेहरे काळे आणि सावल्या पांढऱ्या. माझ्या बरोबर खाली फोटोची कड होती. तिथे खांबाला टेकून एक मुलगी उभी होती. डोक्यावर पदर, अंग अर्धवट आत वळलेलं. चेहरा मला कळला नाही. पण डावा खांदा जरासा उतरलेला होता आणि मान मागे वळलेली होती, चुलीवर काहीतरी ठेवून आल्यासारखी. मी ती पाठ ओळखली. मग माझ्यात होतं नव्हतं ते सगळं मी तिच्यावर ओतलं.

कागद धुवायला न्हाणीघरात नेला. मला तिथलं दिसत नाही. फक्त पाण्याचा आवाज ऐकू येत होता आणि कस्तुरीचं बोलणं, "आला, आला! बघा आजी, किती निळा!" मग चष्मा शोधल्याचा आवाज. मग बराच वेळ नुसतंच पाणी.

"मी नाही गं यात," सरस्वतीबाई म्हणाल्या.

कड कोरी होती. पांढरी. माझ्याखालचा कागद पुरता शिजलाच नव्हता, पाण्यासरशी धुऊन गेला. सासू होती, दीर होते, जावा होत्या, दुकानाची पाटी होती. माझ्यासमोर रोज हात जोडणारी एकटी ती नव्हती. तिला पुसणारी मी होते.

"असू दे," त्या म्हणाल्या. "बाकी सगळे आले ना? छान झालाय. मी बरी आहे, तू नको वाईट वाटून घेऊ."

कस्तुरीने काही ऐकलं नाही. तिने पिवळ्या कागदाची लांब पट्टी पेटीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ठेवली आणि आम्हाला पेटवलं. सगळी पट्टी गडद झाली, माझ्याखाली मात्र फिकी राहिली.

"हीच ती!" असं म्हणून तिने मला उपसून काढलं आणि कचऱ्याच्या डब्याकडे वळली.

"अगं अगं, टाकते कशाला? पेटते तर आहे चांगली."

"पेटते हो आजी, पण हिच्यात काही राहिलं नाहीये. नुसती दिसायला चालू आहे."

सरस्वतीबाई उठल्या, तिच्या हातातून मला घेतलं आणि मांडीवर आडवं धरून बसल्या. मग त्या ओल्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "हे मधे खुर्चीवर बसलेत ना, ते आमचे मामंजी. त्या दिवशी दम्याने बेजार. उभं राहवत नव्हतं. फोटोवाला म्हणाला, यांना कडेला बसवू. सासूबाई म्हणाल्या, नाही, मधे बसव. दोन्ही अंगांनी दीरांनी खांद्याला धरलं. आता सांग, फोटोत कळतंय का कुणाला?"

कस्तुरीने माझ्याकडे बघितलं, मग पेटीकडे. पेटीच्या मधल्या जागेवर दोन्हीकडच्या ट्यूबांचा उजेड येऊन पडतो. कडेला येतो तो एकाच बाजूने. जी थकली होती तिलाच आपण कडेला एकटं उभं केलं होतं, हे तिच्या लक्षात आलं.

"स्वल्प थांबा आजी," ती म्हणाली. आजींचे कन्नड शब्दही आता तिच्या तोंडात बसायला लागले होते. तिने मधली नवी ट्यूब काढून कडेला लावली आणि मला मधे बसवलं. पुन्हा एक पट्टी ठेवली. या वेळी पट्टी सगळीकडे सारखी निळी झाली. मी नेमकी कुठे आहे ते शोधूनही सापडलं नसतं.

मोठा कागद एकच उरला होता. शनिवारी दुपारी तो पेटीत ठेवला. आता माझ्याखाली मामंजींची खुर्ची होती. सरस्वतीबाई लांब त्या टोकाला, एका नव्या ट्यूबखाली होत्या. मला इथून त्या दिसत नव्हत्या. त्या फोटोत उमटायला हव्या असतील तर मी त्यांच्यापासून दूर असायला हवं होतं. हे समजायला मला जड गेलं, पण समजलं.

न्हाणीघरातून आधी पाण्याचा आवाज आला. मग सरस्वतीबाईंचं हसणं, आणि हसता हसताच त्यांना रडू फुटलं.

"ही बघ मी! बुंदी लागत होती गं कढईत, म्हणून मागे बघत होते. फोटोवाला ओरडत होता, अक्का, इकडे बघा, इकडे बघा..."

रविवारी संतोषकुमार आला. फोटो वरच्या खोलीत दोरीवर वाळत होता. तो बघत उभा राहिला.

"अम्मा, ही कोण?"

"मी."

"हा फोटो लहानपणापासून बघतोय मी," तो म्हणाला. "तू यात आहेस हे मला माहीतच नव्हतं."

"तू विचारलं नाहीस. मी सांगितलं नाही."

खाली गाडीत सामान भरून झालं होतं, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तो मात्र आईशेजारी जमिनीवर बसला आणि ती दाखवेल त्या एकेका माणसाचं नाव ऐकत राहिला. निघताना त्याने सवयीने विचारलं, "बरी आहेस ना?" आणि उत्तराची वाट न बघता तिचा हात धरला. जिना उतरताना मला सरस्वतीबाईंची पाठ दिसली. डावा खांदा उतरलेला होता, मान मागे वळलेली होती. या वेळी मागे चूल नव्हती. मागे मी होते.

आता दुकानात मोबाइलच्या कव्हरांचा धंदा आहे. मी वर पेटीत असते, मधे. नव्या ट्यूबा चांगल्या आहेत, पण त्यांना दुकान माहीत नाही, जिलबी माहीत नाही, गुंडूरावांचं हसणं माहीत नाही. कुणाला सांगू? मी मधे असले तरी एकटी आहेच.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादा जुना दिवा असेल, जुनं यंत्र असेल, जुनं माणूस असेल. ते चालू दिसतं म्हणून त्याचं सगळं ठीक आहे असं धरून चालू नका. जवळ जाऊन बघा. आणि ते थकलंय असं कळलं तर त्याला कडेला ठेवू नका, मधे घ्या. शेजारी उभं राहायला तुम्ही आहात ना?

कस्तुरी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पेटी लावते. लावण्याआधी मारतहळ्ळीला फोन जोडते.

"बरी आहे ते राहू द्या आजी, आज कोण बोललं तुमच्याशी ते सांगा," म्हणते. पलीकडून कधी नातवाची तक्रार ऐकू येते, कधी लिफ्टची. मग ती म्हणते, "आजी, लावते हं आता." बटण दाबते आणि माझ्याकडे पाठ फिरवून उभी राहते.

फोनमधून थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. पहिल्यांदा कस्तुरीला वाटलं होतं की रेंज गेली. ती हॅलो, हॅलो करत राहिली होती. आता ती हॅलो करत नाही. फोन खिडकीत ठेवते आणि माझ्याकडे पाठ करूनच तीही हात जोडते.